गाळलेल्या जागा

डेल्फझाइलच्या बंदरात एकतीस वर्षं
मी गाळ उपसला.
नदी रात्रीतून आणून टाकायची,
आम्ही दिवसा काढायचो.
दोघांपैकी पगार एकालाच होता.

आता दर तीन महिन्यांनी बसने ग्रोनिंगनला जातो.
आल्येट नावाची उंच मुलगी दंडाला रबर बांधते,
चार नळ्या भरते.
जांभळ्या झाकणाची, पिवळ्या, निळ्या,
आणि चौथी, जी उणे ऐंशी अंशांत ठेवतात,
पुढेमागे कुणाला नवा प्रश्न सुचला तर विचारायला.
माझं रक्त माझ्याहून जास्त टिकणार,
हे ती बोलत नाही.
नंबर चिकटवते. एकशे सतरा. मी.

रक्त पुष्कळ सांगतं म्हणे.
कुठेतरी काही धुमसतंय का,
हृदयाच्या स्नायूचा एखादा कण निखळून
प्रवाहाला लागलाय का,
चरबी किती, आणि ती कुणाच्या पाठीवर बसून फिरते.
पण नेमकं कुठे, ते नाही सांगत.
पाणी गढूळ आहे हे काठावरून कुणालाही दिसतं.
तळ दिसत नाही.

तळासाठी ते गोल यंत्र.
श्वास धरा, म्हणतं एका बाईच्या आवाजात,
जी या इमारतीत बहुधा कधी आलेलीच नाही.
शिरेत औषध शिरतं
आणि चड्डीत झाल्यासारखी ऊब पसरते.
सदुसष्टाव्या वर्षी माणूस चाचपून बघतो.

आमच्या बोटीवरून आम्ही दोन आवाज सोडायचो पाण्यात.
एक चिरका, तो मऊ गाळाच्या पाठीवरून परत फिरायचा.
एक खर्जातला, तो खाली खऱ्या तळाला जाऊन यायचा.
मधलं जे, ते ना पाणी ना जमीन.
कप्तान त्यातून बेधडक जहाज घालायचे.
मऊ तर आहे, काय करणार?

हार्मच्या नळीत तसलंच होतं.
माझा धाकटा भाऊ. तीस टक्के.
तीस म्हणजे काहीच नाही, म्हणाले,
आणि त्यानं त्या रात्री चौघांना बिअर पाजली.
ऑक्टोबरात, बीट भरताना, ट्रॅक्टरवर
ते मऊ फुटलं.
इंजिन शेजाऱ्याने बंद केलं.

म्हणून मी या अभ्यासात नाव घातलं.
फेन्नानं का घातलं, कधी विचारलं नाही.
एकशे अठरा. बाकावर बसून विणायची,
कायम राखाडी लोकर,
कुणासाठी, तेही नाही विचारलं.
सप्टेंबरात ती नव्हती.
आज आल्येटच्या स्टँडमध्ये
एकशे सतरा आणि एकशे एकोणीसच्या मध्ये
चार भोकं रिकामी.
मी बघितलं. तिनं मला बघताना बघितलं.
तिला सांगायची परवानगी नाही.
शाळेत असायचं ना, गाळलेल्या जागा भरा.
मी चुकीचा शब्द लिहायचो,
पण जागा कोरी ठेवायचो नाही.

डॉक्टर ओक्केननी पडदा माझ्याकडे वळवला.
चुना वाढलाय. एकशे बाराचा एकशे नव्वद.
मी टोपी हातात घेतली.
अहो नाही, ते म्हणाले, बसा.
गोळ्यांनी मऊ भाग आटतोय, घट्ट होतोय.
दगड सहसा फुटत नाही.

घट्ट थर!
त्यानं आमच्या यंत्राचे दात मोडले,
रविवार बुडवले,
बापजन्मी दिल्या नसतील इतक्या शिव्या मी त्याला दिल्या.
आणि आता तो माझ्या बाजूने उभा.
सहसा, म्हणाले. तो शब्द मी ऐकला.

परतीच्या बसमध्ये कोपरावरचा कापूस काढला.
थेंब वाळून तपकिरी झालेला.
बांधापलीकडे ओहोटी होती,
कुणाची तरी नवी बोट, सगळे दिवे लावून,
तेच उपसत होती.

गेस्के सूप ढवळत होती.
म्हटलं, आतून दगड होत चाललोय, कागदावर आलंय.
हे त्यांना आज कळलं? ती म्हणाली,
आणि माझ्या ताटलीतलं सॉसेज उचलून
आपल्या ताटलीत ठेवलं.